व्हिम स्क्रिप्टमधून दोन फाइली तंतोतंत सेम आहेत का ते कसं तपासायचं? स्क्रिप्ट म्हणते सेम, सीएमपी म्हणतं वेगळ्या

शाईदौत

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून कॉपीराइट संपलेली जुनी मराठी पुस्तकं टाइप करून साध्या टेक्स्ट फाइलींमधे ठेवतोय, एका प्रकरणाची एक फाइल. टाइप झालेलं प्रकरण 'पक्कं' नावाच्या फोल्डरमधे असतं आणि मुद्रितशोधन करणारे आपापली प्रत 'आलेलं' मधे टाकतात. बऱ्याचदा ते वाचतात, काही चुकलेलं सापडत नाही, आणि तशीच फाइल परत पाठवतात, मग एकच मजकूर दोन ठिकाणी पडून राहतो. मी सगळं काम व्हिम या टेक्स्ट एडिटरमधेच करतो म्हणून त्याच्याच व्हिमस्क्रिप्ट भाषेत छोटं फंक्शन केलं. दोन्ही फाइली रीडफाइलनं वाचायच्या, ओळींच्या दोन लिस्ट मिळतात, त्या == लावून ताडून बघायच्या, सेम निघाल्या तर आलेली प्रत उडवायची.

उडवायची ओळ अजून चालू केलेली नाही, सध्या नुसता मेसेज येतो. टर्मिनलवर सीएमपी (दोन फाइली बाइट-बाइट ताडणारी कमांड) चालवून पडताळा घेतला तर काही जोड्यांमधे स्क्रिप्ट म्हणतेय सेम आणि सीएमपी म्हणतंय वेगळ्या. एका जोडीत तर तळटीपेतल्या इंग्रजी वाक्यात 'इंडिया'चं पहिलं अक्षर शोधकानं कॅपिटल केलंय, म्हणजे खरीखुरी दुरुस्ती आहे, आणि स्क्रिप्टला ती दिसतच नाही. बाकीच्या जोड्यांमधे मला डोळ्यांना तरी काही फरक दिसत नाहीये. व्हिमच्या आत राहूनच भरवशाचं उत्तर मिळेल असा काही मार्ग आहे का?

जुनाटर्मिनल

उडवायची ओळ बंद ठेवलीत ते फार बरं केलंत. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात.

पहिली रीडफाइलची. हे फंक्शन नुसतं फाइलचं नाव देऊन बोलावलं की ते फाइल टेक्स्ट म्हणून वाचतं आणि वाचता वाचता थोडी साफसफाई करतं. विंडोजच्या फाइलीत ओळीच्या शेवटी न्यूलाइनच्या आधी जो सीआर (कॅरेज रिटर्न, न दिसणारं चिन्ह) असतो तो काढून टाकतं. शेवटच्या ओळीनंतर न्यूलाइन आहे की नाही याचा फरकच धरत नाही. आणि एन्कोडिंग युनिकोड असेल तर सुरुवातीचा बॉम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) पण काढून टाकतं. म्हणजे विंडोजवर सेव्ह केलेली आणि लिनक्सवर सेव्ह केलेली फाइल बाइट वेगळे असूनही लिस्ट म्हणून एकच दिसणार. दुसरं आर्ग्युमेंट म्हणून 'बी' द्या, की सीआर जागेवर राहतो, आणि फाइल न्यूलाइननं संपत असेल तर लिस्टच्या शेवटी एक रिकामा आयटम जास्तीचा येतो, त्यामुळे तोही फरक पकडला जातो.

दुसरी ==ची. तुमच्या व्हिमआरसीत, म्हणजे व्हिमच्या सेटिंगच्या फाइलीत, इग्नोरकेस सेट असणार, शोधायला सोयीचं पडतं म्हणून निम्मे लोक ते लावतातच. जुन्या व्हिमस्क्रिप्टमधे == हे चिन्ह त्या सेटिंगकडे बघून ठरवतं की कॅपिटल-स्मॉलचा भेद करायचा की नाही, आणि लिस्ट ताडतानाही आतल्या प्रत्येक स्ट्रिंगला तोच नियम लागतो. म्हणून तुमची 'इंडिया' निसटली. तिथे ==# लिहा, मग सेटिंग काहीही असलं तरी केस बघितली जाते. स्क्रिप्ट दुसऱ्याच्या मशीनवर चालणार असेल तर हे लिहिलंच पाहिजे, समोरच्याच्या व्हिमआरसीत काय आहे ते आपल्याला थोडंच माहीत असतं. २०२२ मधे व्हिम ९ बरोबर जी व्हिम९स्क्रिप्ट आली तिच्यात साधं == कायम केस बघूनच ताडतं.

कोरीपाटी

एवढं कशाला पण, व्हिमडिफ उघडला की लगेच कळतं की. रंगीत दिसलं तर फरक, नाही दिसलं तर सेम.

जुनाटर्मिनल

@कोरीपाटी, माणसानं बसून बघायला व्हिमडिफ उत्तमच आहे, मी रोज वापरतो. पण तो फाइली ताडत नाही, बफर ताडतो, म्हणजे व्हिमनं मेमरीत उघडलेला मजकूर. व्हिमनं फाइल उघडतानाच सीआर ओळखून फाइलफॉरमॅट डॉस असं बाजूला नोंदवलेलं असतं, बॉम असेल तर बॉम्ब ऑप्शन चालू केलेला असतं, आणि बफरमधे फक्त मजकूर उरतो. म्हणून शाईदौत यांच्या ज्या जोड्या 'डोळ्यांना सेम' दिसतायत त्या व्हिमडिफमधेही कोऱ्याच दिसतील. शिवाय डिफऑप्टमधे कुणी आयव्हाइट किंवा आयकेस लावून ठेवलं असेल तर स्पेसचा आणि केसचा फरकही गेला. आपल्याला इथे हो की नाही एवढंच पाहिजे आणि ते सुद्धा डिस्कवरच्या बाइटबद्दल.

निळीशाई

मी पण मुद्रितशोधनाचं काम करते त्यामुळे हा धागा अगदी जवळचा वाटला. फरक कशामुळे पडलाय याचा अंदाज घ्यायला मी आधी दोन्ही फाइलींचे साइज बघते, व्हिममधे गेटएफसाइज आहेच. दोन साइजमधला फरक ओळींच्या संख्येइतका असेल तर जवळजवळ नक्की सीआरचा मामला. एकाच बाइटचा फरक असेल तर शेवटची न्यूलाइन बघा, कारण व्हिम सेव्ह करताना ती नसेल तर आपणहून घालतो, फिक्सएंडऑफलाइन हा ऑप्शन मुळातच चालू असतो. शोधकानं एक अक्षरही न बदलता नुसतं डब्ल्यूक्यू (सेव्ह करून बाहेर) केलं तरी फाइल एका बाइटनं वाढते.

तीन बाइटचा फरक असेल तर मात्र घाई करू नका. बॉम तीन बाइटचा असतो हे खरं, आणि जुन्या विंडोजवरचं नोटपॅड युटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना तो लावायचंच, २०१९ च्या विंडोज १० अपडेटनंतर ते बिनबॉमचं सेव्ह करायला लागलं. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्हसुद्धा युटीएफ-८ मधे तीनच बाइटचं असतं! एखादा अनुस्वार वाढला किंवा वेलांटी गेली तरी फरक तीनच. अशा वेळी सीएमपी कसलाही स्विच न लावता चालवायचं, ते पहिला वेगळा बाइट कितवा आणि कुठल्या ओळीत ते सांगतं. पहिल्याच बाइटला फरक आला तर बॉम, मधेच कुठे आला तर बहुधा मजकूर बदललाय, मग ती ओळ उघडून वाचायची.

शाईदौत

वा! 'बी' आणि ==# दोन्ही घातलं आणि आता स्क्रिप्ट आणि सीएमपी यांचं एकमत होतंय. दोन जोड्या सोडल्या तर राहिलेल्या सगळ्या सीआरच्याच निघाल्या, आमच्यातले दोघं विंडोजवर काम करतात. त्या उरलेल्या दोन जोड्यांमधे फाइलच्या अगदी मधे फरक येतोय, ओळ वाचली तर शब्द तेच आणि व्हिमडिफ मात्र रंग दाखवतोय. 'दुसऱ्या' आणि 'ॲडम' या शब्दांवर येतोय.

निळीशाई

ओळखीचा पाहुणा आला :)

'दुसऱ्या' मधला तो अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर, यू प्लस ०९३१, त्याला हलन्त आणि मग य. दुसरी तऱ्हा साधा र, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि मग य. बहुतेक फाँटमधे दोन्ही हुबेहूब दिसतात. पहिल्यात तीन चिन्हं म्हणजे ९ बाइट, दुसऱ्यात चार म्हणजे १२. कुठला कीबोर्ड काय घालतो त्यावर अवलंबून, आणि एकाच पुस्तकावर चार जण चार कीबोर्डनं टाइप करत असले की हे होतंच होतं. पायऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, सगळीकडे.

'ॲ' चं पण तसंच. यू प्लस ०९७२ हे एकसंध अक्षर युनिकोडमधे २००८ ला ५.१ आवृत्तीत आलं, त्याच्या आधीपासून लोक अ वर अर्धचंद्र देऊन 'अॅ' असं लिहीत होते आणि अजूनही लिहितात. एक ३ बाइटचं, एक ६ चं. व्हिममधे कर्सर अक्षरावर ठेवून जीए दाबलं की कोड दिसतो आणि जी८ दाबलं की बाइट, त्यावरून लगेच कळेल. आणि सगळ्या फाइलीत जॉइनर कुठे कुठे आहेत ते बघायचं असेल तर शोधात बॅकस्लॅश, टक्का, यू आणि २००डी असं देऊन बघा.

कोरीपाटी

मग नॉर्मलाइज करून, म्हणजे सगळ्यांचं एकच रूप करून, ताडायचं ना, युनिकोडचं एनएफसी का काय असतं ते?

निळीशाई

एनएफसी इथे अर्ध्यातच सोडतं. र आणि त्याखाली नुक्ता असं कुणी टाइप केलं असेल तर एनएफसी त्याचा ऱ करतं, तेवढं ठीक. पण जॉइनरवाला र आणि ऱ हे युनिकोडच्या हिशोबानं समतुल्य नाहीतच, आणि 'अॅ' व 'ॲ' पण नाहीत. ते बदल आपल्यालाच ठरवून सबस्टिट्यूटनं करावे लागतात. आमच्याकडे मी गटाला एकच रूप ठरवायला लावलं आणि 'पक्कं' मधे जायच्या आधी प्रत्येक फाइल त्या रूपात आणते. ताडण्याच्या फंक्शनमधे मात्र हे मुद्दाम घालत नाही. 'वाचायला सेम' आणि 'बाइटनं सेम' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि ज्या उत्तरावर फाइल उडणार आहे ते उत्तर बाइटचंच असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हॅशमार्क

धागा वाचून एक सुचवतो. दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठराविक लांबीचा ठसा) काढा आणि तो ताडा, व्हिममधे तसं फंक्शन पण आहे, एक ओळीचं काम. हॅश सेम तर फाइल सेम.

जुनाटर्मिनल

एसएचए-२५६ च्या बाबतीत व्यवहारात ते बरोबर आहे, पण इथे त्यानं काही वाचत नाही. दोन्ही फाइली आपल्याच डिस्कवर आहेत, आणि हॅश काढायला दोन्ही शेवटपर्यंत वाचाव्याच लागतात, उलट सरळ ताडलं तर पहिला वेगळा बाइट आला की तिथेच थांबता येतं, सीएमपी तेच करतं. हॅशचा खरा उपयोग एक फाइल दुसऱ्या मशीनवर असेल तेव्हा, किंवा शेकडो फाइलींमधून जुळ्या शोधायच्या असतील तेव्हा, नाहीतर कालची फाइल आता हाताशी नाही पण तिचा हॅश लिहून ठेवलाय अशा वेळी.

आणि व्हिमच्या त्या फंक्शनमधे एक बारीक खाच आहे. ते स्ट्रिंग घेतं, म्हणून लोक रीडफाइलची लिस्ट न्यूलाइननं जोडून देतात. आता रीडफाइल फाइलमधल्या नल (शून्य किमतीच्या) बाइटच्या जागी आयटममधे न्यूलाइन ठेवतं. जोडलं की खरी न्यूलाइन कुठली आणि नलची कुठली हे कळायचा मार्गच उरत नाही, दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एक येऊ शकतो. लिस्ट लिस्ट म्हणूनच ताडली तर हा घोळ होत नाही. मराठी मजकुरात नल नसतात, मान्य, पण तेच फंक्शन उद्या कुणी स्कॅनच्या इमेजवर चालवलं की?

हॅशमार्क

हे नलचं माहीत नव्हतं, छान मुद्दा. यावरून आठवलं, २०१७ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय आणि गूगल यांच्या संशोधकांनी दोन वेगळ्या पीडीएफ प्रसिद्ध केल्या होत्या, दोन्हींचा एसएचए-१ एकच. त्या दोन्ही फाइली वेबकिट या ब्राउझर इंजिनच्या कोडच्या साठ्यात, म्हणजे सबव्हर्जन या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपॉझिटरीत, टेस्ट म्हणून टाकल्या गेल्या आणि रिपॉझिटरीच अडकली, कारण सबव्हर्जन एसएचए-१ सेम म्हणजे फाइल सेम असं धरून एकच प्रत ठेवत होतं. एमडी५ चं तर २००४ पासूनच तसं दाखवून झालंय. म्हणून हॅश वापरायचाच झाला तर हे दोन नकोत.

खानदेशी_कोडर

मी सब्लाइम एडिटरवाला, तिथे प्लगइन पायथनमधे असतात. तिथल्या लोकांसाठी सांगून ठेवतो कारण तिथला खड्डा याच जातीचा आहे. पायथनच्या फाइलसीएमपी मोड्यूलमधलं सीएमपी फंक्शन शॅलो हे ट्रू धरून चालतं, म्हणजे दोन्ही फाइलींचा प्रकार, साइज आणि बदलल्याची वेळ जुळली की आत काय लिहिलंय ते न बघताच ट्रू देतं. शाईदौत यांच्या 'इंडिया'चंच बघा, स्मॉलचं कॅपिटल केल्यानं साइज बदलत नाही, आणि कॉपी करताना किंवा सिंक करताना एखाद्या टूलनं वेळही तीच करून ठेवली तर झालं. शॅलो इज इक्वल टु फॉल्स असं स्पष्ट लिहायचं.

एकारान्त

ईमॅक्सकडून पण भर घालतो. फाइल-इक्वल-पी हे नाव बघून लोक फसतात, ते मजकूर ताडतच नाही, दोन नावं एकाच फाइलची आहेत का एवढंच सांगतं. मजकुरासाठी दोन टेंपररी बफरमधे इन्सर्ट-फाइल-कंटेंट्स-लिटरली नं वाचायचं, लिटरली महत्त्वाचं कारण त्याशिवाय एन्कोडिंग आणि ओळींचे शेवट बदलूनच आत येतं. मग कंपेअर-बफर-सबस्ट्रिंग्ज, शून्य आलं तर सेम. पण त्याच्या भोवती केस-फोल्ड-सर्च ला लेट नं निल करायला विसरू नका, तो मुळात चालू असतो आणि मग कॅपिटल-स्मॉल एकच धरलं जातं. म्हणजे एडिटर बदलला तरी तीच दोन दुखणी.

विंडोजवाला

सीएमपी सीएमपी चाललंय पण विंडोजवर ते मुळात नसतं. तिथे एफसी /बी आहे, सेमला ० आणि वेगळ्याला १ असा कोड देतं. पण व्हिममधून सिस्टिमनं शेल बोलावलं की विंडोजवर दर वेळी काळी खिडकी चमकून जाते, आणि फाइलच्या नावात स्पेस असली की कोटचे वांधे, म्हणून शेलएस्केप लावायलाच पाहिजे. आपलं काम छोट्या टेक्स्ट फाइलींचं आहे, प्रकरण कितीही मोठं असलं तरी एखाद-दोन एमबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे मी तर शेलच्या वाटेला न जाता व्हिमच्या आतच करीन. नव्या व्हिममधे रीडब्लॉब आहे, तो बाइट जसेच्या तसे देतो, त्यात नलचा प्रश्न नाही, केसचा नाही, दोन ब्लॉब == नं सरळ ताडले जातात.

निओव्हिमवर लुआ वापरत असाल तर आयओ.ओपनला 'आरबी' द्या, नुसतं 'आर' दिलं तर विंडोजवर सीआर गळतात. लुआची स्ट्रिंग बाइटचीच असते त्यामुळे पुढे काही बघावं लागत नाही.

जुनाटर्मिनल

ब्लॉबला माझंही मत. आता ज्याच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते सांगतो. 'सेम' आणि 'वेगळ्या' यांच्याबरोबर तिसरं उत्तर असतं, 'वाचताच आली नाही'. रीडफाइलला फाइल उघडता आली नाही तर ते एरर देतं आणि रिकामी लिस्ट परत करतं. कुणी पुढे सायलेंट लावून एरर दाबली असेल आणि दोन्ही नावं चुकलेली असतील तर दोन रिकाम्या लिस्ट ताडल्या जाणार आणि उत्तर येणार सेम! गेटएफसाइज पण सापडली नाही तर उणे एक देतं, दोन उणे एक जुळतातच. आणि फोल्डरचा साइज ते शून्य सांगतं, म्हणजे फोल्डर आणि रिकामी फाइल सारखेच.

सीएमपीत हे नीट वेगळं केलेलं आहे, मायनस एस देऊन चालवलं की व्ही:शेल_एरर मधे ० म्हणजे सेम, १ म्हणजे वेगळ्या, त्याहून मोठा आकडा म्हणजे गडबड. बरेच जण नुसतं शून्य आहे की नाही एवढंच बघतात आणि गडबडीला 'वेगळ्या' समजतात. फाइल उडवायची असेल तेव्हा ते त्यातल्या त्यात सुरक्षित, पण उलट्या बाजूनं, 'वेगळी असेल तर वरून नवी प्रत टाक' अशी स्क्रिप्ट असेल तर त्यानंही नुकसान होतं. आपल्या फंक्शननं तीन उत्तरं वेगळी दिली पाहिजेत.

शाईदौत

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता फंक्शन असं केलंय: आधी दोन्ही नावांवर फाइलरीडेबल, एक जरी वाचता येत नसेल किंवा फोल्डर असेल तर उणे एक परत करून थांबायचं. मग गेटएफसाइज, साइज वेगळे तर शून्य, फाइल उघडायचीही गरज नाही. साइज सेम असतील तरच दोन्ही रीडब्लॉबनं वाचून ताडायचे, सेम तर एक. ज्यांच्याकडे जुनं व्हिम आहे त्यांच्यासाठी रीडब्लॉब नसेल तर रीडफाइल 'बी' सकट आणि ==#. ट्राय-कॅच मधे ठेवलंय, मधेच काही फाटलं तर उणे एकच. बोलावणाऱ्या ठिकाणी उत्तर बरोबर एक असेल तरच पुढे जायचं.

सीआर आणि ॲ-ऱ्य यांचं निळीशाई म्हणाल्या तसं करणार, 'आलेलं' मधे फाइल पडली की आधी सगळ्यांचं एकच रूप करायचं, फाइलफॉरमॅट युनिक्स, बिनबॉम, शेवटी न्यूलाइन, आणि मग ताडायचं. आता उडवायची ओळ चालू करावी म्हणतो.

निळीशाई

रूप बदलण्याआधी शोधकाची मूळ प्रत कुठेतरी बाजूला राहू दे. कधी कधी शोधक जॉइनर मुद्दाम घालतात, जुन्या छपाईत जोडाक्षर तोडून दाखवलेलं असतं तसं दाखवायला. ते सरसकट सबस्टिट्यूटमधे जायला नको, फक्त र-हलन्त-जॉइनर एवढ्याच क्रमावर बदल लावा.

एकारान्त

उडवायची ओळ चालू करण्यापूर्वी अजून दोन तपासण्या घाला. एक, दोन्ही नावं एकाच फाइलकडे तर जात नाहीत ना. कुणी 'आलेलं' हे फोल्डरच 'पक्कं' ची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी लिंक) करून ठेवलं असेल तर मजकूर कायमच सेम येणार, आणि आलेली प्रत म्हणून जी उडेल ती एकुलती एक असेल. 'पक्कं' मधली फाइल ही 'आलेलं' मधल्या फाइलची लिंक असेल तरी तेच. दोन्ही पाथ पूर्ण करून रिझॉल्व मधून काढा आणि सेम निघाले तर थांबा. मॅक आणि विंडोजवर फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल एकच धरलं जातं, म्हणून तिथे हे दोन पाथ ताडताना ==? वापरा, मजकुराच्या अगदी उलट.

दोन, 'पक्कं' मधली फाइल त्याच व्हिममधे उघडी असेल आणि सेव्ह केलेली नसेल तर डिस्कवर एक आणि बफरमधे दुसरं असतं. गेटबफव्हारनं मॉडिफाइड बघा, एक असेल तर त्या जोडीला हात लावू नका.

शाईदौत

दोन्ही घातलं. सिमलिंकचं आमच्याकडे खरंच लागू होतं, एका सभासदानं जागा वाचवायला एका पुस्तकाचं फोल्डर तसंच जोडलेलं आहे, तिथे आता स्क्रिप्ट उणे एक देते आणि पुढे जात नाही. विंडोजवाल्या दोघांना उद्या चालवायला देतो, तिकडे ==? बरोबर चालतंय का ते बघून इथे लिहीन.